साडेतीन वाजता कुठे ठेवायचं?

निफाडची थंडी पेपरात आकड्याने येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा किती उतरला ते दुसऱ्या दिवशी राज्यभर छापून येतं आणि मुंबईचा आतेभाऊ फोन करून विचारतो, "काय रे, बर्फ पडला का तिकडे?" डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात तर पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. पानांवरचं दव गोठलं होतं आणि मणी तडकू नयेत म्हणून लोक द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसले होते. पण त्या आकड्याशेजारी दुपारचा आकडा कोणी छापत नाही. दुपारी त्याच शिवारात सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात. आमच्याकडचा हिवाळा अर्ध्या दिवसाचा. पहिल्या शिफ्टला कामावर येतो, साडेतीनला सुटून घरी जातो.

माझीही शिफ्ट तीच, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो. चांदोरीजवळ मळ्यात घर आणि नोकरी नाशिकला अंबड एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. सातला पंचिंग करायचं तर पावणेसहाला घर सोडावं लागतं. कंपनीची बस शहराच्या हद्दीतच फिरते, एसटीची वेळ जुळत नाही, आणि चारचाकी रोज काढायची तर पगार पेट्रोलपंपावरच ठेवून यावा लागेल. राहता राहिली मोटरसायकल, १२५ सीसीची. ओढा, शिलापूर, माडसांगवी, नांदूर नाका, मग द्वारका आणि पुढे अंबड. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे जातानाचा सगळा रस्ता अंधारात. येताना मात्र ऊन थेट पाठीवर.

थंडीतल्या गाडीस्वारीबद्दल मोबाइलवर मी पुष्कळ वाचलं आणि पाहिलं. बहुतेक सगळं युरोप-अमेरिकेतलं, नाहीतर लेह-लडाखला जाणाऱ्यांचं. सल्ले चुकीचे नाहीत, पण ते दिवसभर थंडीत राहणाऱ्या माणसासाठी आहेत. सकाळी आठ अंशात निघून दुपारी अठ्ठावीस अंशात परतणाऱ्या माणसाने ते सगळं साडेतीन वाजता कुठे ठेवायचं, हे त्यात कोणी सांगत नाही. माझी थंडीची जुळवाजुळव काही हिवाळे चालली, आणि ती मुख्यतः या एका प्रश्नाभोवती फिरली.

सुरुवात घरच्या पद्धतीने झाली. आप्पा बजाजच्या एम-८० गाडीवर नाशिकला दूध घालायचे. त्यांचा पहाटेचा वेश ठरलेला: स्वेटर, त्यावर जर्किन, माकडटोपी, मफलर छातीवर कैचीसारखा आडवा घेऊन मागे गाठ, आणि जर्किनच्या आत छातीशी कालचा पेपर. पेपरची ही युक्ती आमच्या भागात अजून चालते आणि ती खरंच काम करते. कागदातून वारा जात नाही आणि घड्यांमध्ये हवा अडकून राहते. मुक्कामी पोचलं की पेपर काढून टाकायचा. घडी घालायला नको, सांभाळायला नको, परत आणायला नको. साडेतीनच्या कसोटीवर आजही पेपर पहिला येईल.

माकडटोपी आणि मफलर मात्र मी लवकर बंद केले. जाड टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, वर तरंगतं, आणि पडल्यावर नेमकं तेव्हाच फिरतं. मफलरचं टोक सुटून चाकात गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्ही कुठं हेल्मेट घालत होतो?" यावर काय बोलणार!

थंडी लागते ती पाऱ्यापेक्षा वाऱ्याने. अमेरिका आणि कॅनडाची हवामान खाती २००१ पासून एक सूत्र वापरतात. हवेचं तापमान आणि वाऱ्याचा वेग घातला की उघड्या कातडीला किती थंडी जाणवेल तो अंदाज मिळतो. मी ते एक्सेलमध्ये मांडून बसलो. (क्वालिटीतल्या माणसाला दुसरी करमणूक काय?) आठ अंशात ताशी २० ने गेलं तर पाच अंशांसारखं वाटतं, ४५ ने तीन, ६० ने दोनच्या जरा वर. म्हणजे पहिल्या वीसच्या वेगातच निम्मी थंडी लागून जाते. ४५ आणि ६० मध्ये फरक जेमतेम एका अंशाचा, पण ४५ ने रस्त्यावर राहायचं दहा-पंधरा मिनिटं जास्त. "थंडी आहे, हळू जा, कमी लागेल," हा आईचा सल्ला थंडीपुरता तरी फारसा कामाचा नाही. धुक्यासाठी मात्र शंभर टक्के मानायचा.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे हातांवर गेले. छाती, मांड्या यांना शरीर गरम रक्त पुरवत राहतं. थंडी वाढली की ते पहिल्यांदा बोटांचं रेशन तोडतं. शिलापूरपर्यंत करंगळी आणि अनामिका बधिर. माडसांगवीला क्लच दाबला की सोडला ते कळत नाही. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. आखडलेल्या बोटांनी ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तरी आठ मीटर हातचे गेले, आणि आठ मीटर म्हणजे उसाची एक आख्खी ट्रॉली. तेव्हापासून हातमोज्यांकडे मी ब्रेकचा भाग म्हणूनच बघतो.

लोकरीचे हातमोजे वाऱ्यापुढे चाळणी. त्यांच्या आत दवाखान्यातले रबरी मोजे घातले तर वारा अडतो, हे मला दूधवाल्या पोरांकडून कळलं. अर्धा तास ते उत्तम, मग आत घाम धरतो आणि ओल्या बोटांना दुप्पट गार लागतं. कंपनीच्या स्टोअरमधले वेल्डिंगचे चामडी मोजे कोपरापर्यंत येतात, वारा अजिबात आत जात नाही, पण त्यात इंडिकेटरचं बटण सापडत नाही. शेवटी थंडीचे म्हणून मिळणारे, आत अस्तर आणि मनगटावर लांब बाही असलेले रायडिंगचे हातमोजे घेतले. दुकानात हाताला घट्ट बसेल तो नंबर दाखवतात. मी एक नंबर मोठा घेतला. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही आणि आत गरम हवेला जागाही उरत नाही. मोज्याची बाही जॅकेटच्या बाहीवर घ्यायची की आत, यावर लोक वाद घालतात. कोरड्या थंडीत बाहीवर. वारा मनगटातूनच आत शिरतो.

त्यावर हँडलचे कव्हर. रेक्झिनचे, आतून खोटी फर लावलेले, हँडलवर कायम बसवायचे आणि त्यात हात घालायचे. दिल्लीकडे थंडीत सर्रास दिसतात, आपल्याकडे ते लावले की गाडी म्हाताऱ्या माणसाची वाटते. बायकोचं पहिलं वाक्य होतं, "हे काय, गाडीला बाळंतटोपडं?" दिसायचं ते दिसो, गाडीवर थंडीसाठी एवढं स्वस्त आणि एवढं गुणकारी दुसरं काही नाही. एकच गोष्ट घेताना बघायची. वेग वाढला की वाऱ्याने कव्हर मागे रेटलं जातं आणि ब्रेकच्या लिव्हरवर दाबून बसतं. मागचा लाल दिवा मग सारखा पेटत राहतो आणि तुम्ही खरोखर ब्रेक मारता तेव्हा मागच्याला काहीच वेगळं दिसत नाही. मी पुढच्या बाजूला सायकलच्या स्पोकची तार वाकवून आत शिवून घेतली, त्याने कव्हर ताठ राहिलं. चांदोरीच्या शिंप्याने त्याचे वीस रुपये घेतले आणि भरपूर प्रश्न विचारले. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत ही टोपडी हँडलवर असतात. साडेतीनला ती कुठे ठेवायची हा प्रश्नच नाही, गाडीवरच राहतात. दुपारी फक्त हात त्यांच्या बाहेरून.

हँडलला गरम करणारे ग्रिपही मिळतात. अशी जोडी तीस-चाळीस वॅट खाते. मोठ्या गाडीला ते काहीच नाही. पण छोट्या गाडीचं चार्जिंग मोजकंच असतं, त्यात हेडलाइट आता कायम चालू, आणि माझ्या गाडीची बॅटरी पहाटे आधीच कुरकुरते. मेकॅनिक म्हणाला रिले टाकून बसवून देतो. मी नको म्हटलं.

हेल्मेटच्या काचेचं प्रकरण वेगळंच, त्यातून मला चष्मा. श्वासातली वाफ गार काचेवर बसते, काच पांढरी होते, आणि समोरून डिपर मारणारी गाडी आली की त्या पांढऱ्यात फक्त उजेड पसरतो, रस्ता नाहीसा होतो. काच बोटभर उघडी ठेवली तर वाफ जाते, पण डोळ्यांना पाणी सुटतं. भांड्याच्या साबणाचं पाणी बोटाने आतून फासून कोरड्या मऊ फडक्याने पुसलं तर दोन-तीन दिवस काच स्वच्छ राहते, कारण वाफेचे थेंब होण्याऐवजी पातळ थर पसरतो. साबण जास्त राहिला तर मात्र काचेवर रेघा दिसतात. पक्का इलाज म्हणजे पिनलॉक. काचेच्या आत दुसरी पातळ काच, कडेला सिलिकॉनची पट्टी, मध्ये अडकलेली हवा. दुहेरी खिडकीचंच तत्त्व. त्यासाठी हेल्मेटच्या काचेला दोन पिना लागतात आणि स्वस्तातल्या हेल्मेटला त्या नसतात. २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा कारखान्यातल्या आमच्या अर्ध्या लाइनने पंपावर दाखवण्यापुरती, तोंड उघडं राहणारी हेल्मेटं घेतली. थंडीत तीच मंडळी नाका-तोंडाला रुमाल बांधून येतात, आणि रुमालातून वर सुटणारी वाफ थेट चष्म्यावर. मी आयएसआयचं पूर्ण तोंडाचं, पिना असलेलं घेतलं आणि आत नाकावर अडसर लावला. श्वास त्याने खाली वळतो. चष्मा अजूनही सिग्नलला धुरकटतो. द्वारकेला लाल दिवा लागला की पहाटे आम्ही चार-पाच चष्मेवाले एकाच वेळी काच वर करतो.

आता अंगावरचं. तीन थर घाला, असं सगळे सांगतात. आतला घाम ओढणारा, मधला ऊब धरणारा, बाहेरचा वारा अडवणारा. तत्त्व बरोबर. पण या तिघांत आमच्याकडे महत्त्व बाहेरच्याला. वारा अडला की मध्ये साधा स्वेटरही पुरतो. वारा अडला नाही तर दोन स्वेटरही कमी. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून घेतलेलं जाड जर्किन मी बरीच वर्षं वापरलं. उभ्या माणसाला ते फार छान. साठच्या वेगात चेनच्या दातांमधून छातीवर गार रेघ उमटते, उभी, बरोब्बर चेनच्या लांबीची.

यावर हाती आलेला तोडगा घरातच खुंटीला टांगलेला होता: पावसाळी जॅकेट. रेनकोटमधून पाणी जात नाही तर वारा कसा जाईल? जून ते सप्टेंबर वापरून धुऊन ठेवलेलं ते जॅकेट डिसेंबरात सगळ्याच्या वर चढवलं आणि थंडीचा निम्मा प्रश्न एका पैशाच्या खर्चाशिवाय सुटला. आतून थोडा घाम धरतं, पण तासाभराच्या प्रवासात त्याने बिघडत नाही. आणि दुपारी? गुंडाळलं की लोटीएवढं होतं. दुपारी लहान होणारी वस्तू ती आपली, असं मी तेव्हापासून धरून चाललो.

याच हिशेबाने आतला सुती बनियन गेला आणि पॉलिएस्टरचा पातळ थर्मल आला. सुती कापड घाम धरून ठेवतं, ते दुपारपर्यंत लॉकरमध्ये ओलंच. थर्मल पंख्याखाली अर्ध्या तासात वाळतो. मधला थर पातळ फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, तो मुडपून उशीसारखा होतो. पफर जॅकेट, ती फुगीर, घेतलं नाही. वाऱ्याच्या दाबाने त्याची फुगी छातीवर बसते आणि ऊब तर त्या फुगीतच असते. शिवाय डांबरावर घासलं तर ते कागदासारखं फाटेल.

घासण्याचा विषय निघाला म्हणून रायडिंग जॅकेटबद्दल सांगतो. ते थंडीसाठी घेतलं नव्हतं. लाइनवरचा एक जण ओढ्याजवळ सांडलेल्या मातीवर घसरला, खांदा निखळला, दोन महिने घरी बसला, त्यानंतर घेतलं. सहा-सात हजारांपासून पुढे किंमत. घरी चर्चा झाली. एवढ्यात गोदरेजचं नाही तरी साधं लोखंडी कपाट आलं असतं, हे मलाही मान्य होतं. मी जाळीचं घेतलं. दुकानदार थंडीसाठी जाड कापडाचं दाखवत होता, पण ते दुपारी माझ्या अंगावर टिकलं नसतं. मी ते काढून मागे बांधलं असतं, आणि मागे बांधलेल्या जॅकेटचा पडल्यावर काय उपयोग? जाळीचं जॅकेट अठ्ठावीस अंशात ताशी पन्नासने जाताना अंगावर सहन होतं. सकाळी त्यावर पावसाळी जॅकेट चढवलं की जाळी बंद. खांदा-कोपराचे पॅड दोन्ही वेळा जागेवर.

पॅडबद्दल एक सूचना, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. खांदा-कोपराला बहुतेक बरे पॅड असतात, पाठीला पुष्कळदा नुसता स्पंजचा तुकडा भरलेला असतो. तो काढून बघा. त्यावर ईएन १६२१ या युरोपीय मानकाचा शिक्का आणि लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं असलं पाहिजे. पाठीच्या पॅडची चाचणी घेताना लेव्हल १ मध्ये सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत मार पलीकडे पोचला तरी चालतो, लेव्हल २ मध्ये फक्त ९. थेट निम्मा. माझ्यात स्पंजच निघाला, मी वेगळा पॅड विकत घेऊन त्या खिशात घातला. बसवायला दोन मिनिटं लागतात.

पायांचं थोडक्यात. गुडघे वाऱ्याला पुढे असतात आणि चाळिशीकडे झुकलं की ते बोलायला लागतात. पावसाळी पँट वरून चढवतो, बस. पावलांचा त्रास मात्र विचित्र आहे. आम्हाला कंपनीत पुढे पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज सक्तीचे. टोपी २०० जूलचा मार झेलते, उत्तम, पण पहाटे तेच पोलाद बर्फाच्या लादीसारखं पायाच्या बोटांना चिकटतं. इलाज सोपा: सेफ्टी शूज लॉकरमध्येच ठेवायचे, येता-जाता साधे घोट्यापर्यंतचे बूट. कंपनीत कायम ठेवता येते अशी ही माझी एकच वस्तू. बाकी प्रत्येक चिंधी त्याच दिवशी घरी परतली पाहिजे. हातमोजे लॉकरमध्ये विसरले तर दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला ते पस्तीस किलोमीटर लांब असतात.

थंडीत शरीर आणखी एक खेळ करतं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसल्या की रक्त आत गोळा होतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर काढायला लागतात. त्यामुळे नांदूर नाक्यापासून मनात दुसरा विचार नसतो. गेटवर पोचल्यावर हातमोजे, पावसाळी पँट, तिची बटणं, जीन्स, थर्मल, आणि बोटं अजून बधिर! तेव्हा पंचिंग पाच मिनिटं थांबू शकतं. घरून निघताना चहा अर्धाच घ्यायचा, हा या विषयातला माझा सर्वांत पक्का सल्ला.

रस्ता काय, या दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम. पहाटेच्या अंधारात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी, वरचा ऊस रस्त्यावर लोंबतो. गोदावरीच्या अंगाने धुकं, त्यात बागांमधल्या शेकोट्यांचा धूर खाली बसलेला. उसातून बिबट्या आडवा गेल्याचं कोणी ना कोणी दर आठवड्याला सांगतं. मी शेपटीपुरता पाहिला आहे, तेवढा पुरे. माझं पावसाळी जॅकेट काळं असल्याने त्यावर कंपनीचं फ्लोरोसंट बनियान घालतो, रस्त्याची कामं करणारे घालतात तसलं. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त तेच. शनिवार-रविवारी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्या सायखेडा फाट्याला थांबतात. एकदा त्यांच्यातल्या एकाने मला हात करून रस्ता विचारला. त्याला मी रस्तेदुरुस्तीवाला वाटलो.

गाडीचीही थोडी निगा लागते. रात्रभर दवात उभी राहिली की सीट भिजते, आणि ओल्या पँटीने निघालं तर बाकी सगळं गुंडाळणं फुकट. सीटवर खताची रिकामी गोणी टाकून ठेवतो. आप्पांच्या वेळी चोक ओढून किका मारत बसावं लागायचं. आताच्या इंजेक्शनवाल्या गाडीला चोक नाही, ती एका सेल्फला उठते, पण बॅटरी अशक्त असेल तर अजिबात उठत नाही आणि पुष्कळ मॉडेलांना किकही राहिलेली नाही. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. पंपावर आपण दुपारी हवा भरतो, अठ्ठावीस अंशात. तोच टायर पहाटे आठ अंशात सुमारे तीन पीएसआयने उतरलेला असतो. पंक्चर नाही, काही नाही, गाडी नुसती जड वाटते. मी घरी छोटा गेज ठेवला आणि महिन्यातून दोनदा पहाटेच्या मापाने हवा जुळवतो.

आणि मग साडेतीन. पार्किंगमध्ये ऊन चटचटत असतं. सकाळी अंगावर असलेलं सगळं आता हातात. थर्मल आणि फ्लीस बॅगेच्या तळाशी, पावसाळी जोडी त्यावर, हातमोजे हेल्मेटमध्ये नव्हे, बॅगेच्या बाहेरच्या खिशात, कारण हेल्मेट लगेच डोक्यावर जाणार. हातात उन्हाळी पातळ मोजे. वीस लिटरची बॅग पुरते. आधी मोठी होती, तिच्यात सगळं मावायचं म्हणून मी उगाच जास्त घेऊन यायचो. सिक्युरिटीवाला बॅग उघडायला लावतो, रोज तीच, रोज त्याच क्रमाने. आता तोच सांगतो, "दादा, आज हातमोजे दिसत नाहीत."

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात हे सगळं उलटं होतं. दुपारी उन्हात निघायचं, थंडीचं सगळं बॅगेत, आणि रात्री बाराला सुटून ते अंगावर चढवायचं. ही थंडी पहाटेपेक्षा कमी, पण माणूस थकलेला, पोट रिकामं, आणि दुपारी घाम आलेला बनियन अजून अंगात. म्हणून त्या आठवड्यात कोरडा थर्मल बॅगेत जातो आणि शिफ्ट सुटल्यावरच अंगावर येतो. हे एवढं केलं तर द्वारकेपर्यंतही हुडहुडी भरत नाही. त्याच आठवड्यात पाठीमागे कोणाला बसवून आणायचं असेल तर त्याच्यासाठी काही नसतं. त्याला मी पेपर देतो.

महाशिवरात्रीच्या आसपास हे सगळं आवरतं. पॅड काढून जॅकेट बादलीत शाम्पूच्या पाण्यात, हातमोजे न पिळता सावलीत, हँडलची टोपडी उन्हात उलटी. यंदा पावसाळी जॅकेटच्या आतली शिवणीवरची पट्टी सुटायला लागली आहे, खांद्यावर पाणी येणार हे नक्की, म्हणून मे महिन्यात नवीन घ्यायचं. रविवारी मेन रोडला बघायला गेलो आणि रायडिंग जॅकेट घालूनच गेलो, त्यावर चढेल असा नंबर हवा होता. दुकानदाराने आधी मला नीट वरून खाली पाहिलं. म्हणाला, "साहेब, तुम्हाला एक्सएल लागेल असं वाटत नाही. पावसात फडफडेल ते." मी म्हटलं, पावसात फडफडू द्या, थंडीत बसलं पाहिजे. त्याने डबल एक्सएल काढलं. ते बसलं, पण घडी घालून पाहिली तर पिशवीत मावेना. दुसऱ्या कंपनीचं मागवून ठेवतो म्हणाला आहे.